दोनशे लिटरचा स्टीम ड्रम: आठ महिने वापरल्यानंतर

धिंगरी अळिंबीसाठी (ऑयस्टर मशरूम) कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाच्या, बॅगा वाफवायला जूनमध्ये गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हा ड्रम करून घेतला. तळाला वीतभर पाणी, वर जाळी, झाकणाला क्लॅम्प आणि वाफ निघायला नळी, बस. खाली तुराट्या जाळतो. त्याआधी धिंगरीसाठी सोयाबीनचं कुटार रात्रभर औषधाच्या पाण्यात भिजवायचो: १०० लिटरला साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मॅलिन. पद्धत चालायची, पण डोळे असे चुरचुरायचे की विचारू नका. शिवाय ते पाणी ओतायचं कुठे?

पहिल्याच घाण्यात १४ पैकी ५ बॅगा हिरव्या झाल्या. ट्रायकोडर्मा, म्हणजे हिरवी बुरशी. मी बियाणं देणाऱ्याला फोनवर बरंच सुनावलं, आता त्याची लाज वाटते. कारण पुढच्या खेपेला मधल्या बॅगेत थर्मामीटर खुपसला, तर नळीतून वाफ सुरू होऊन तास झाला तरी आत ६२ अंश! कडेच्या बॅगा ९५ वर. म्हणजे मी तास मोजत होतो तो वाफेचा, कुटाराचा नव्हे. आता मधली बॅग ९० ला पोचली की तिथून दोन तास धरतो. बॅगा ठासून भरत नाही, मध्ये वाफेला वाट ठेवतो. पिशव्या पीपीच्याच (पॉलिप्रोपिलीन) घ्या; साध्या पातळ पिशव्या ड्रमला टेकल्या की मऊ पडून फाटतात.

तरी तोंडाशी हिरवं यायचंच. ते आमच्या सौ.नी शोधलं. झाकणाचं पाणी ठिबकून बॅगांच्या तोंडाचे कापसाचे बोळे ओले होत होते, आणि मी गरम बॅगा कुटार कापायच्या मशीनशेजारी निववत होतो. निवताना बॅग बाहेरची हवा आत ओढते, तिच्यासोबत धूळही. वाफवलेल्या कुटारात आधीचं फारसं काही जिवंत उरत नाही, त्यामुळे जो आधी पोचेल त्याचं राज्य. आता बोळ्यांवर कागद बांधतो, आग पूर्ण विझल्यावर नळीच्या तोंडाला कापूस लावतो आणि ड्रम सकाळपर्यंत उघडतच नाही. (आग चालू असताना नळी कधीही बंद करू नका, हा काही प्रेशर कुकर नाही.) बियाणं बंद खोलीत, पंखा बंद करून, हात स्पिरिटने पुसून भरतो. कुटार मुठीत दाबल्यावर धार लागली तर त्या दिवशी भरायचंच नाही.

गेल्या चार घाण्यांत ५६ पैकी ३ बॅगा गेल्या. पावसाळ्यातला हिशेब इतका चांगला नव्हता.

तक्रार एकच: तळाच्या जोडाला सहा महिन्यांत गंज चढला. पत्रा जाड घ्यायला हवा होता. आठवड्याला पाच-सहा बॅगा करणाऱ्याने मात्र हा खर्च करू नये. ८० अंशाच्या गरम पाण्यात तासभर बुडवलेलं कुटार त्याला पुरेल.

आणि हिरवी झालेली बॅग शेडमध्ये उघडू नका. मी एकदा पाहुण्याला दाखवायला उघडली होती. त्या रॅकवरच्या आणखी चार बॅगा लांब नेऊन पुराव्या लागल्या.