डिझाइनच्या डिग्रीच्या नावाखाली १,१४,४६० रुपये गेले

१,१४,४६० रुपये. मी माझ्या हाताने नेऊन दिले, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा पावती घेऊन. मुलीची ग्राफिक डिझाइनच्या डिग्रीला अ‍ॅडमिशन झाली, असं समजून.

तिला बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सलाच अप्लाइड आर्ट्स करायचं होतं. आम्ही दांडिया बाजारातले, दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. यादीत नाव आलं नाही. यूसीडचंही, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन प्रवेश परीक्षेचंही, जमलं नव्हतं. पोरगी चार दिवस धड जेवली नाही. अशात फोन आला, दुसऱ्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची बी.डेस., म्हणजे डिझाइनची डिग्री, इथेच बडोद्यात करता येते, दोनच सीट उरल्यात. अशा वेळी कोणती आई चौकशा करत बसेल? चकाचक ऑफिस, भिंतभर पोस्टरं, "बेन, चिंता ना करो". पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मला जाळतंय ते वेगळंच. पहिली पावती: नोंदणी १०,०००, खाली जीएसटी १८ टक्के, १,८००. मी सोळा वर्षं दुकानाचे हिशेब लिहिते. मान्यताप्राप्त डिग्रीच्या फीवर जीएसटी नसतो, खाजगी क्लासच्या फीवर असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या १,८०० वर माझं बोट थांबलं होतं. मी विचारलंसुद्धा. "आता सगळीकडे लागतो," ऑफिसातला माणूस म्हणाला, आणि मुलीने माझा दंड दाबला, "आई, नको ना." मी पावतीची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मग सेमिस्टरचे ६५,०००, सॉफ्टवेअर किटचे २२,०००, दोन्हीवर तेच १८ टक्के.

दोन महिने नुसतं फोटोशॉप. एनरोलमेंट नंबर मागितला की "पुढच्या आठवड्यात". शेवटी मीच त्या युनिव्हर्सिटीला मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं, बडोद्यात आमचं केंद्र नाही. हा मेल पैसे भरायच्या आधी करा! यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव दिसलं म्हणून विसंबू नका, या युनिव्हर्सिटीचंही होतं. राज्याच्या कायद्याने झालेल्या युनिव्हर्सिटीला दुसऱ्या राज्यात असं केंद्र चालवता येत नाही.

पोलिस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पावती आहे ना, मग फसवणूक कसली? ग्राहक कोर्टात जा." तिसऱ्यांदा तक्रार गुजरातीत लिहून आणायला सांगितली. नेली, तर प्रतीवर शिक्का मारून देईनात. खोटं सांगून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? वर माझ्या मुलीसमोर एक जण म्हणाला, "शिकलेल्या आहात, आधी बघायचं ना." बाहेर येऊन ती जिन्यावरच रडत बसली.

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार स्पीड पोस्टाने पोलिस आयुक्तांना पाठवा, पोचपावती जपा. मी तेच केलंय. शनिवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. तुमच्याही मुलाची फी अशीच गेली असेल तर पावत्या घेऊन माझ्याबरोबर चला. एकटीचं तिथे कुणी ऐकत नाही.