जनगणनेचे तक्ते की जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या?

एखाद्या साध्यासुध्या पूर्वजाचा शोध जनगणनेपासून सुरू करावा की जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींपासून, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून चांगले उमगते. तेथे चर्चच्या नोंदवह्या १५३८ मध्ये आणि सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. घटनेनंतर लवकरच लिहिली गेल्यामुळे तारखेसाठी नोंदवही अधिक भरवशाची आहे. मृत्यूच्या नोंदीतील वय मात्र दुसऱ्या कोणी सांगितलेले असते.

जनगणना तारखांना कच्ची आहे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिले गेले, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांची स्त्री पस्तिशीची दिसते. परंतु १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्मस्थळ नोंदले जाऊ लागले, आणि एकाच पानावर विधवा आई, धाकटी भावंडे, भाडेकरू व प्रत्येकाचा व्यवसाय असे नांदते घर उभे राहते. म्हणून मी आरंभ जनगणनेपासूनच करावा असे म्हणेन. १९३१ ची गणना मात्र १९४२ च्या आगीत नष्ट झाली.

दोन गणनांच्या मधल्या काळात जन्मून दगावलेले मूल तक्त्यांत कधीच दिसत नाही. ते नोंदवहीतच भेटते, आणि त्याच्यासाठी ती चिकाटीने चाळलीच पाहिजे.