दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन : सर्जनला पाच तारे, हॉस्पिटलला तीन

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरातलं आहे एवढं पुरे.

माझं मसाला कांडप आहे. नाक चोंदलेलं, कपाळ जड, रात्री घशात बेडका उतरतोय, हे सगळं ‘मिरचीच्या धंद्यातलं चालायचंच’ म्हणून लोकांनी निकालात काढलं होतं. पण वास गेला आणि पंचाईत झाली. गिऱ्हाईकानं आणलेलं खोबरं खवट आहे का, हे मशीनवरच्या मावशींना हुंगायला लावायची वेळ आली. चटणीच्या सीझनमध्ये मालकिणीनं असं विचारत फिरायचं म्हणजे शोभा.

गोळ्या, नाकातला स्प्रे, स्टिरॉइडचा कोर्स सगळं झालं. मग सीटी स्कॅन. सर्जननी फिल्म उजेडाला धरून दाखवली: सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्यांच्यात हवा असते, ती काळी दिसायला हवी. माझ्याकडे दोन्ही बाजूंना राखाडी गच्च. आत पॉलिप, म्हणजे आपण ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतो ते.

मला भीती होती ती सासऱ्यांमुळे. त्यांचं जुन्या पद्धतीनं झालं होतं, वरच्या ओठाखाली चिरून, गालाचं हाड फोडून. तोंड सुजलेलं आणि त्रास परत होताच. सर्जननी कारण सांगितलं ते मला फार पटलं. सायनसच्या आतलं अस्तर घाण ढकलतं ते त्याच्या मूळच्या दाराकडेच. खाली दुसरं भोक पाडलं तरी ती तिकडे वळत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं हे तपासलं, आणि १९८०च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली. म्हणून आता नाकपुडीतूनच चार मिलिमीटरची दुर्बीण घालतात, मूळ दार मोकळं करतात, पॉलिप काढतात. बाहेर टाका नाही. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदाएवढं पातळ आणि वर मेंदू, हा धोकाही त्यांनी लपवला नाही. सही करताना हात थरथरला, पण फसवल्यासारखं वाटलं नाही.

पूर्ण भूल होती, ऑपरेशन कळलंच नाही. कळलं ते पॅक, म्हणजे रक्त थांबवायला नाकात कोंबलेली पट्टी, काढताना. नाकातून एवढं लांब काहीतरी निघतंय की संपतच नाही! दुखण्यापेक्षा किळस जास्त. ज्यांना परवडेल त्यांनी विरघळणाऱ्या पॅकचं आधीच विचारावं.

तीन तारे का, तर डिस्चार्जमुळे. पॅकेज समजावायला बाईंनी खुर्ची देऊन चहा पाजला, घरी काय करायचं हे नर्सनं उभ्याउभ्या सांगितलं, “नाक धुवत राहा.” कसं, कशानं, किती दिवस? फाईल सगळी इंग्रजीत. खरं तर निम्मं ऑपरेशन हे धुणंच आहे. धुतलं नाही तर आत खपल्या धरतात आणि उघडलेली दारं चिकटू शकतात. बेसिनवर वाकायचं, मान थोडी तिरकी, तोंड उघडं ठेवून ‘आऽऽ’ म्हणायचं आणि नाक धुवायची बाटली हळू दाबायची. एका नाकपुडीतून गेलेलं पाणी दुसरीतून येतं. जोरात दाबलं की कानात दडा बसतो. पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट अजिबात नाही. क्वचित त्यातून मेंदूपर्यंत जाणारा जीवघेणा अमीबा शिरू शकतो. सुरुवातीला नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. हे सगळं मला पहिल्या तपासणीला सर्जननीच शिकवलं, दुर्बिणीनं खपल्या काढता काढता. एक मराठी कागद छापायला किती खर्च येतो?

बिलाचंही सांगते. पॉलिप कापून ओढून घेणाऱ्या यंत्राचं पातं पॅकेजच्या बाहेर निघालं, आणि विमा कंपनीनं ते ‘एकदाच वापरायचं सामान’ म्हणून कापलं. बऱ्याच पॉलिसींत सायनसच्या ऑपरेशनला दोन वर्षांची वाट पाहावी लागते, तेही आधी बघून घ्या.

वास हळूहळू आला. आधी लसूण, मग हिंग. दगडफूल सगळ्यात शेवटी, आणि तेही अजून अर्धवटच. पॉलिप परत येऊ शकतात, दमा असेल तर जास्तच, म्हणून स्प्रे चालू आहे आणि कांडपात मास्क सक्तीचा. मास्कमधून भाव सांगितला की गिऱ्हाईकाला कमीच ऐकू येतो, ही तक्रार मात्र हॉस्पिटलच्या खात्यावर टाकत नाही.