यकृताचं ऑपरेशन : गॅस की इंजेक्शन, यापेक्षा मोठा प्रश्न

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला आले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, गॅस देणार की इंजेक्शन? गॅसने लिव्हर बिघडतं म्हणे." ही भीती हॅलोथेन या भुलीच्या जुन्या गॅसच्या जमान्यातली. ते सुमारे 20 टक्के शरीरातच मोडायचं, तेही मुख्यतः यकृतात, आणि क्वचित कुणाला जिवावर बेतणारी कावीळ व्हायची. आजचं सेवोफ्लुरेन मोडतं 2 ते 5 टक्के, डेसफ्लुरेन जेमतेम 0.02 टक्के. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं इंजेक्शन दिलं तर नंतरची मळमळ-उलटी कमी होते. घाटात गाडी लागणाऱ्यांनी ते जरूर सुचवावं. बाकी या वादात फार अडकू नका.

विचारायचं ते नंतरच्या दुखण्याचं. पोट उघडून ऑपरेशन असेल तर उजव्या बरगडीखाली लांबलचक चिरा असतो. दुसऱ्या दिवशी पोटाशी उशी आवळून खोकायला लावतात, तेव्हा कळतं. दुखतं म्हणून खोकला दाबला की छातीत कफ साठलाच.

पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणारं औषध देतात ते एपिड्युरल. खोकताना, कूस बदलताना त्याने मिळतो तसा आराम इतर उपायांनी सहसा मिळत नाही. पण बीपी उतरतं, पेशंट उठून चालायला उशीर होतो. खरी मेख नळी काढताना. यकृताचा मोठा भाग काढला की रक्त गोठवणारे घटक कमी पडतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) चढतो, म्हणजे नेमका नळी काढायच्या वेळेला. तशात काढली तर मणक्यात रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका, दुर्मिळ असला तरी. म्हणून थांबावं लागतं. आपल्या माणसाला यकृत देणाऱ्या धडधाकट दात्याचाही आयएनआर असाच चढतो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरा पर्याय, ऑपरेशनआधी स्पायनलमधून, म्हणजे मणक्यातल्या इंजेक्शनने, मॉर्फिनचा एकच डोस. नळीचं लचांड नाही, आराम साधारण 18 ते 24 तास. अंगाला खाज सुटते, आणि कधी कधी बऱ्याच तासांनी श्वास मंदावतो. रात्रभर लक्ष ठेवणारी नर्स नसेल तिथे हा पर्याय नको. असेल तर माझं मत यालाच, पोटाच्या भिंतीतल्या ब्लॉकची, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनची, जोड देऊन. नुसता ब्लॉक दुर्बिणीच्या ऑपरेशनला बरा. तो चिऱ्याचं दुखणं मारतो, आतलं नाही.

सत्तरीपुढच्या पेशंटच्या डोक्याचं काय? न शमलेलं दुखणं आणि जादा मॉर्फिन, दोन्हींनी भ्रम होतो. दुखण्याची सोय नीट लागली की हेही बरंचसं साधतं. आदल्या रात्री झोपेसाठी मिडाझोलामसारखं औषध नको म्हणून सांगा. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाच्या बाजूने चांगला पुरावा आहे : 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, आयसीयूतल्या 700 वृद्धांच्या चाचणीत भ्रमाचं प्रमाण 23 टक्क्यांवरून 9 वर आलं. ते सगळे यकृताचे पेशंट नव्हते, आणि या औषधाने नाडी मंदावते, बीपी उतरतं, हेही धरून चला. चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र शुद्धीवर येताच लावायला द्या. ते फुकट आहे.

आजोबा तिसऱ्या दिवशी सलाईनची नळी ओढू लागले, तर "भूल उतरली नाही अजून" म्हणून गप्प बसू नका. हात समोर ताणून पंजे वर करायला सांगा. पंजे फडफडले तर दोष बहुधा भुलीचा नाही, उरलेलं यकृत कमी पडतंय. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना बोलवा.