पिकअपला ऑनिंग: ताडपत्री, साधं ओढायचं का 270 वालं?

आमच्या विट्याच्या दाजींनी नुकतीच डबल केबिन पिकअप घेतली आणि आठवड्यात फोन, ‘पाव्हणं, तुमच्या गाडीला साईडला ते छत हाय तसलं आपल्याला पण बसवायचंय, कुठलं घिऊ?’ मोबाईलवर 270 डिग्रीवालं, म्हणजे साईडला आणि मागं दोन्हीकडं पंख्यासारखं उघडणारं, बघून ठेवलेलं, ऑर्डर द्यायच्याच बेतात होते. म्हटलं दाजी थांबा, आधी रॅकचं बघू. पिकअपवाले बहुतेक इथंच चुकतात, ऑनिंग म्हणजे हे कडेचं कापडी छत आधी घेतात आणि मग ते कशाला अडकवायचं ते शोधत बसतात.

कारचा टप लांब असतो. पिकअपचा केबिनचा टप आखूड आणि मागं हौदा उघडा, त्यामुळं दोन मीटरचं ऑनिंग केबिनवर लावलं तर एक टोक लोंबतंच, शिवाय सावली पडते दारापाशी आणि तुमची शेगडी, भांडी, पाण्याचा कॅन सगळं तिकडं मागं फाळक्यावर. म्हणून हौद्यावर रॅक करून त्याच्या कडेला ऑनिंग हेच बरोबर पडतं. रॅकची उंची केबिनच्या टपाइतकी ठेवा. खाली ठेवली तर उघडल्यावर डोकं आपटतं, फार वर नेली तर जमिनीवर उभं राहून चेनला हात पोचत नाही, आणि ताईला ते उघडता आलं पाहिजे हे मी दाजींना दोनदा सांगितलं.

आता तिन्हीचं बघू, पण त्याआधी तुम्ही जाणार कुठं हे ठरवा, कारण आपल्याकडं एकाच सातारा जिल्ह्यात दोन टोकं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं माण तालुक्यात 500 च्या आसपास. दाजी फिरणार आटपाडी, जत, शिखर शिंगणापूर असं, म्हणजे त्यांना ऊन अडवायचंय. मी जातो बामणोली, ठोसेघर, चाळकेवाडी, मला पाऊस आणि वारा अडवायचाय.

ताडपत्री. वर्षातनं दोनदाच जाणार असाल तर हीच घ्या, मी मनापासून सांगतोय. शेतकऱ्याच्या घरात ती असतेच, एक कड रॅकला बांधायची, दुसऱ्या कडेला दोन बांबू, झालं. कमजोर जागा म्हणजे कोपऱ्यातली रिंग, वाऱ्यात ती कापडासकट उपटून येते. त्यावर जुना उपाय आहे, लिंबाएवढा गोल दगड ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं कोपऱ्यात धरायचा, वरनं कापड गुंडाळायचं आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरी आवळायची, मग ती हलत नाही. पण बांधायला दोन माणसं आणि पंधरावीस मिनिटं लागतात, पाऊस सुरू झाल्यावर बांधायला घेतली तर निम्मं सामान भिजलेलं असतं.

साधं ओढायचं ऑनिंग म्हणजे लांब पिशवीत गुंडाळलेलं कापड, चेन उघडून बाहेर ओढायचं, दोन पाय खाली सोडायचे, दोन आडव्या दांड्या अडकवायच्या. दोन बाय अडीच मीटरचं साधारण 10 ते 15 किलो भरतं, एकट्यानं पाच मिनिटांत लागतं. माझ्याकडं हेच आहे, चौथं वर्ष. याचा मोठा गुण म्हणजे एक पाय खाली घेऊन उतार देता येतो, आणि उतार पाहिजेच पाहिजे. हिशोब करून बघा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आपलं कापड पाच चौरस मीटर, 20 मिलिमीटरची एक सर आली आणि सगळं पाणी झोळीत साचलं तर शंभर किलो. कुठल्याच दांडीचं ते काम नाही.

वाऱ्याचं मी चाळकेवाडीला शिकलो. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. संध्याकाळी वारा पडलेला होता म्हणून मी दोऱ्या बांधल्या नाहीत, रात्री दीडच्या सुमारास फटकन आवाज आला, बाहेर येऊन बघतो तर दोन्ही पाय जमिनीवरनं उचललेले, कापड टपावर उलटं पडलेलं आणि एक आडवी दांडी मधोमध वाकलेली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून ‘थोडाच वारा आहे’ या भरवशावर झोपू नका. तिथं खाली जांभा, खुंटी दोन बोटं पण आत जात नाही. तेव्हापासून पायांना 20 लिटरचे भरलेले पाण्याचे कॅन बांधतो, आणि जास्तच वारं सुटलं तर सरळ गुंडाळून ठेवतो.

270 वालं दिसायला भारी आहे आणि पिकअपला त्याचा खरा फायदा पण आहे, ते मान्य करतो. मागच्या कोपऱ्यात बिजागरी, तिथनं हात पंख्यासारखे उघडतात आणि साईड अधिक मागचा फाळका दोन्हीवर छत येतं, म्हणजे पावसात उभं राहून पिठलं करता येतं आणि माणसं बाजूला बसतात. साध्यात फाळका उघडाच राहतो. चारपाच जणांचं कुटुंब असेल, बामणोलीसारख्या पावसाच्या ठिकाणी वरचेवर जाणार असाल तर याच्यासारखं सुख नाही. पण वजन साध्याच्या जवळपास दुप्पट, आणि उघडल्यावर सगळा भार एका बिजागरीवर लोंबतो, म्हणजे रॅकचा तो कोपरा जबरी पाहिजे, नाहीतर पाईपच पिळवटतो. ‘पायांची गरज नाही’ असं विकताना सांगतात, पण वाऱ्यात पाय आणि दोऱ्या लावायच्याच, कापड मोठं म्हणजे वारा पण जास्त धरणार. आणि घेताना डावं का उजवं बघून घ्या, ते नंतर बदलत नाही. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लागते, त्यामुळं क्लीनर साईडचंच घ्यायचं, उजवीकडचं उघडलं तर माणसं रस्त्यावर बसणार. साध्यालाही हेच लागू.

बसवायचं आता. मी साताऱ्यातल्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडनं चौकोनी पाईपचा रॅक करून घेतला, हौद्याच्या कडांना बोल्टनं धरलेला. बॉडीला वेल्डिंग करू देऊ नका, तिथला रंग जळतो आणि दोन पावसाळ्यांत गंज धरतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, गाडीच्या मूळ रचनेत बदल नको, म्हणून काढता येईल असाच रॅक करा आणि आरटीओत एकदा विचारून घ्या.

ऑनिंगच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत बोल्टची डोकी सरकवायची, एल पट्टीतनं काढायची आणि रॅकला आवळायची. किटबरोबर आलेली एल पट्टी माझी बामणोलीच्या रस्त्याला वाकणावरच चिरली, नशीब येवतेश्वरच्या उतारावर खडखड ऐकू आली म्हणून थांबलो, बघतो तर ऑनिंग एका पट्टीवर लटकतंय. आता 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून घेतल्यात, साध्याला दोन पुरतात पण मी तीन लावल्यात, 270 ला तीनच्या खाली जाऊच नका. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले घ्या, मोठा वॉशर घाला, आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून पाना फिरवून बघा, हमखास एखादा ढिला सापडतो. बंद पिशवी आरशाच्या बाहेर जाता कामा नये, घाटात समोरनं एसटी आली की कळतं का ते. मागची दारं पूर्ण उघडून, पट्टीला घासत नाहीत ना ते बोल्ट आवळायच्या आधी बघा.

कापड ओलं गुंडाळलं असेल तर घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवायचं, दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

दाजींना मी साधं ओढायचं घ्यायला सांगितलंय, अडीच मीटरचं, आतनं चंदेरी कोटिंगवालं, आटपाडीच्या एप्रिलमध्ये ते उपयोगी पडेल. रॅकचा मागचा डावा कोपरा मात्र आत्ताच जाड पाईपचा आणि तिरका टेकू देऊन करायचा, म्हणजे पुढं मुलं मोठी झाल्यावर 270 लावावंसं वाटलं तर रॅक तोच चालेल. रविवारी गाडी घेऊन येतायत, हौद्याचं माप घेऊन सोमवारी एमआयडीसीत टाकणार.