कटिंग ठीकठाक, बातम्या एकदम ताज्या : गिरगावातल्या एका सलूनचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात परत त्याच खुर्चीत मान खाली घालून बसायचंय आणि तेव्हा वस्तरा त्याच्या हातात असणार. गिरगावात आहे एवढं पुरे. तीन खुर्च्या, समोरासमोर आरसे त्यामुळे मागचं पडत चाललेलं टक्कल पण नीट दिसतं (ही सोय मला नको होती), एसी आहे पण फक्त मे महिन्यात चालू, टीव्ही बाराही महिने चालू पण आवाज बंद. आवाज का बंद ते पाच मिनिटं बसलात की कळेल.

आधी कटिंगचं सांगून टाकतो म्हणजे तो विषय संपेल. कटिंग १५०, दाढी ८०. हात बरा आहे, घाई नाही, पण गोष्ट रंगात आली की त्याची कात्री हवेत थांबते आणि परत सुरू होते तेव्हा आधी कुठे होतो ते विसरलेला असतो, म्हणून माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा कायम अर्धा इंच वर. दाढी मात्र फर्स्ट क्लास, तुरटी अजून खरी फिरवतात, ते बाटलीतलं निळं पाणी नाही.

नंबर लागायला पाऊण तास, रविवारी दीड. लोक त्याबद्दल तक्रार करतात पण मी म्हणतो बाकड्यावरचा तो वेळ हाच इथला मेन आयटम आहे. एक गृहस्थ आहेत, डोक्यावर औषधाला केस नाही, तरी दर रविवारी दहाला हजर. कशाला येतात हे कोणी विचारत नाही.

सिस्टिम अशी की गळ्याभोवती कपडा बांधला की तो विचारतो, "बाकी काय मग काका, बिल्डिंगमध्ये काय विशेष?" हे नुसतं विचारायचं म्हणून नसतं बरं का, ते काउंटर आहे. तुम्ही एक दिलंत तर दोन परत मिळतात, काहीच नाही दिलंत तर गपचूप कटिंग करून घ्या आणि जा, तुमच्या खुर्चीपाशी कोणी आवाज खाली आणणार नाही. आणि आवाज खाली येणं म्हणजेच खरा माल बाहेर आला. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, रीडेव्हलपमेंटमध्ये कोणी सही अडवली आणि किती घेऊन सोडली, सगळं. पेपरातली भांडणं इथे चालत नाहीत, ती सगळ्यांनाच माहीत असतात, त्यात काय मजा.

अख्खं दुकान एका शब्दावर चालतं, म्हणे. "तो जागा विकतोय" असं बोललात तर उद्या कोणीतरी विचारेल तुला कोण बोललं. "जागा विकतोय म्हणे" म्हटलं की झालं, सांगणारा मोकळा, ऐकणारा मोकळा, आणि ज्याच्याबद्दल आहे तो घरी शेंगा सोलत बसलेला, त्याला पत्ताच नाही. दुसऱ्या कुठल्या भाषेत एवढ्या छोट्या शब्दात एवढी सूट मिळत असेल असं मला वाटत नाही.

माझी मुलगी सायकॉलॉजी शिकते, तिला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, रॉबिन डनबार म्हणून इंग्लंडचे एक प्रोफेसर आहेत, त्यांचं म्हणणं असं की माकडं तासन्‌तास एकमेकांच्या अंगावरचं निवडत बसतात ती काही नुसती साफसफाई नसते, दोस्ती टिकवायची ती रीत असते, आणि माणसांचे कळप मोठे झाले तसा एवढ्या सगळ्यांच्या उवा काढायला वेळ पुरेना म्हणून ते काम बोलण्यावर आलं. लोक आपसात काय बोलतात ते त्यांनी ऐकून मोजलं तर जवळजवळ दोन तृतीयांश वेळ माणसं माणसांबद्दलच बोलत होती. मी म्हटलं बाई, आमच्याकडे दोन्ही एकदम होतं, डोक्यात बोटं चालू आणि तोंडही चालू, १५० रुपयांत.

पण इथला खरा खजिना म्हणजे कोपऱ्यातले आजोबा. ऐंशीच्या घरात, कटिंग महिन्यातून एकदा, हजेरी रोज. त्यांच्यासमोर फक्त "नानावटी" एवढा शब्द काढायचा, म्हणजे तो गाजलेला खून खटला, आणि मागे टेकून बसायचं. १९५९ साली ते नववीत होते. नेव्हीतला कमांडर कावस नानावटी, बायकोने प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सिनेमाला सोडतो, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतो आणि आहुजाच्या घरी जाऊन गोळ्या घालतो, मग स्वतःच पोलिसात हजर. आजोबा सांगतात करंजियांचा 'ब्लिट्झ' हा साप्ताहिक पेपर पंचवीस पैशांचा, तो दोन रुपयांना जायचा, आणि ह्याच दुकानात एकजण मोठ्याने वाचायचा नि बाकीचे अर्धी दाढी तशीच ठेवून ऐकायचे. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि खेळण्यातली नानावटी रिव्हॉल्व्हर विकायला आलेली. टॉवेल का, तर आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला आणि मेल्यावरही कमरेचा टॉवेल सुटलेला नव्हता, आणि नानावटीचं म्हणणं झटापटीत गोळ्या सुटल्या, मग झटापट झाली कशी? अख्ख्या मुंबईची अक्कल त्या एका टॉवेलभोवती फिरत होती. ज्यूरीने ८ विरुद्ध १ निर्दोष ठरवला, पण जज्जना पटलं नाही, केस हायकोर्टात गेली, जन्मठेप झाली, आणि शेवटी गव्हर्नरांनी माफी दिली.

मला त्यातलं टॉवेलचंच राहून राहून आठवतं. त्या खोलीत माणसं दोन, त्यातला एक मेला. दुसऱ्याने काय सांगायचं ते कोर्टात सांगितलं. म्हणजे खरं बघणारा तिसरा कोणीच नाही, आणि जागा अशी रिकामी दिसली की माणूस आपलं सामान तिथे नेऊन ठेवतोच. आमचे आजोबा तर साठ-पासष्ट वर्षांनीही झटापट हातवारे करून दाखवतात, जणू पलंगाखाली होते.

आता माझी गोष्ट. गणपतीच्या आधी मी खुर्चीत बसलो, विशेष काही नव्हतं सांगण्यासारखं, पण हात हलवत कसं जायचं म्हणून बोलून गेलो की आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा दुबईहून आलाय, चांगल्या चार मोठ्या बॅगा होत्या. बस एवढंच, शपथेवर सांगतो. चौथ्या दिवशी बायको भाजी घेऊन आली ती म्हणाली, अहो ऐकलंत का, त्याची नोकरी गेली म्हणे, पैशांची काहीतरी भानगड आहे, पासपोर्ट जमा करून घेतलाय म्हणे. मी पंख्याकडे बघत बसलो. माझ्या चार बॅगांचा पासपोर्ट कुठे झाला काय माहीत, पण बॅगा माझ्याच होत्या. प्रत्यक्षात तो वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेला. जिन्यात भेटला तर म्हणतो, "काका, कोण पसरवतं हो हे? आईला खालच्या बायका विचारतात." मी म्हटलं, "लोकांना उद्योग नसतात रे." आणि वर गेलो.

तर स्टार : दाढी ४, कटिंग ३, बातम्या ५, बातम्यांची खात्री १. सोमवारी बंद. यूपीआय चालतं पण रेंज नाही, कॅश न्या. नवीन असाल तर पहिल्या दोन वेळा फक्त ऐका.

मी येत्या रविवारी जाणारे, कल्ला सरळ करून घ्यायचाय. आमच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आठ दिवस कुलूप आहे आणि रात्री आत लाइट दिसतो. ते मी तिथे बोलणार नाहीये. बघू.