जुनी नळजोडणी बदलून देणारी सेवा: गाडलेले काम चोख, सांगायचे ते राहिले

रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून मीटरपर्यंत येणारी आमची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची जोडणी घराइतकीच जुनी होती, आणि शेजारी पाणी जोरात येत असताना आमच्या नळाची धार मात्र करंगळीएवढीच राहिली होती, म्हणून हे काम एका खासगी ठेकेदाराकडे दिले. पाहणीला आलेल्या मिस्त्रींनी प्रथम मीटरजवळचा गेट व्हॉल्व्ह (पाणी बंद करायची चावी) फिरवून पाहिला, तर स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरणारा दांडा, गंजून जाम झालेला. म्हणजे घरात पाइप फुटला असता तर पाणी बंद करण्याची सोयच नव्हती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

फक्त गळका तुकडा बदलावा, हा माझा आग्रह त्यांनी मानला नाही, ते बरेच झाले. काढलेला पाइप कापून दाखवला, तेव्हा आतला जस्ताचा थर केव्हाच गेलेला होता आणि गंजाच्या गाठींतून पेन्सिल जेमतेम शिरली असती. (जोडणी शिशाची असेल, तर अर्धवट बदल अधिकच धोक्याचा, कारण कापाकापीने सुटलेले शिसे काही काळ पाण्यात वाढते.) फेरूलपासून (मुख्य जलवाहिनीवर जोडणी जिथे बसते तो तुकडा) मीटरपर्यंत मधे एकही सांधा न ठेवता अखंड एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप वाळूच्या थरावर टाकला, आणि चर बुजवण्यापूर्वी दाब देऊन दोन्ही टोकांचे सांधे तपासले. मीटरच्या दोन्ही बाजूंना पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवले. पाव फेऱ्यात पाणी बंद होते. मात्र ते झटक्याने बंद केल्यास पाइपला दणका बसतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

आता तक्रारी. काम संपल्यावर नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून पाणी सोडायला हवे होते. ते न केल्याने गंजाचे कण जाळ्यांत अडकले आणि दोन दिवस धार पुन्हा बारीक झाली. चरावरची फरशीही ओबडधोबड बसवली आहे. याहून गंभीर चूक निराळीच: जुन्या घरांत विजेचे अर्थिंग कधी कधी याच लोखंडी पाइपला जोडलेले असते आणि प्लास्टिकचा पाइप टाकताच ते तुटते. आमच्याकडे तसेच होते. ठेकेदाराने त्याबद्दल एका शब्दानेही विचारले नाही आणि गीझरचा झटका बसल्यावर वायरमनने ते शोधून काढले. काम त्यांच्याकडेच द्या, परंतु खोदकाम सुरू होण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.